उणे वीस अंश आणि संध्याकाळचे सात

दौलताबादच्या पायथ्याशी सीताफळाचा गर काढून गोठवण्याचं माझं छोटं युनिट आहे. किल्ला पाहून उतरणारी माणसं रस्त्याकडेच्या पाट्यांतून डोळे उघडलेली, घट्ट फळं निवडून नेतात. आमच्याकडे येतं ते आज-उद्या मऊ पडणारं फळ. सीताफळ झाडावरून उतरलं की दोन-तीन दिवसांत पिकतं, आणि पिकलं की एका दिवसात हातचं जातं. आंब्याच्या रसासारखं तापवून ते टिकवता येत नाही. तापवला की गर कडवट होतो, त्याचा रंग गुलाबी पडतो. म्हणून थंडीशिवाय इलाज नाही, आणि थंडी म्हणजे वीज. कच्च्या मालानंतर माझा सगळ्यात मोठा खर्च तोच. वीज कधी वापरायची हे थोडंफार आपल्या हातात असतं, हे कळल्यापासून जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे. तुमचा धंदा बर्फाचा असेल, दुधाचा असेल, पिठाच्या गिरणीचा असेल. तुमचे अनुभव वेगळ्या क्रमाने येतील.

१. विजेलाही वेळकाळ असतो. उच्चदाब ग्राहकांच्या बिलात दिवसाचे तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा. कित्येक वर्षं ती रचना अशी होती: रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. मी ते पान हिशेबनिसाकडे देऊन मोकळी होत असे. एका हंगामात शांतपणे बसून वाचलं, तेव्हा दिसलं की हे आकडे म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची दिनचर्या आहे. सकाळी दुकानं, कचेऱ्या, कारखाने एकदम सुरू होतात. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही लागतात आणि नेमका त्याच वेळी सूर्य मावळून सौर वीज शून्यावर येते. मग कोयनेचं पाणी सोडा, बाजारातून मिळेल त्या भावाने वीज घ्या, अशी धावपळ सुरू होते. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येकाचा भाव निराळा. ऊन चांगलं असेल तेव्हा दुपारी भाव तळाला जातो आणि संध्याकाळी कित्येकदा युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. असे शिखराचे तास वर्षात मोजकेच असतात, पण वीजकेंद्रं, रोहित्रं आणि तारा त्या मोजक्या तासांच्या मापाने उभ्या कराव्या लागतात. त्यांचा खर्च उरलेल्या सगळ्या तासांत आपण सगळे भरत असतो.

२. वीज असूनही ती पोचत नाही, हे मला फार उशिरा समजलं. २००५ ते २०१२ चं भारनियमन अंगावर काढलेल्या आमच्या पिढीच्या डोक्यात एकच गणित पक्कं बसलं होतं: वीज गेली म्हणजे वीज कमी आहे. आमच्या भागातल्या ३३ केव्ही उपकेंद्रावरच्या एका अभियंत्याने मला रोहित्रापाशी नेऊन दाखवलं. ते रोहित्र ठरावीक भारच पेलू शकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रब्बीच्या पेरण्या उरकल्या की विहिरींवरचे पंप एकदम लागतात, आणि नेमका तोच माझ्या सीताफळाचा भर हंगाम. पंपांचा फीडर वेगळा आणि माझा वेगळा, पण दोन्ही एकाच रोहित्रातून निघतात. राज्यात वीज उतू चालली असली तरी त्या एका लोखंडी पेटीतून जायची तेवढीच जाणार.

हेच मोठ्या प्रमाणावर देशाने भोगलं आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारत अंधारात गेला, तेव्हा पश्चिमेकडे वीज कमी नव्हती. पावसामुळे आपल्याकडची मागणी उतरली होती आणि वीज उत्तरेकडे धावत होती. ती वाहून नेणारी बीना-ग्वाल्हेर ही तार ओझ्याखाली सुटली आणि पुढचं सगळं कोसळत गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई थांबली, त्याही वेळी कारण बाहेरून शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्यांचंच होतं. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी त्यानंतर, २०२३ मध्ये सुरू झाली. नवी तार टाकायला जमीन लागते, मंजुऱ्या लागतात, वर्षं जातात. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात आज हजारो उद्योग नव्या जोडणीसाठी रांगेत उभे आहेत आणि तिथल्या वीजवाहक कंपन्या जुन्या ग्राहकांना वापराची वेळ हलवण्यासाठी पैसे देतात. तार होईपर्यंतच्या काळात आहे त्याच तारेवर जागा करून देणं हा एकच जलद उपाय असतो, आणि ती जागा आमच्यासारखे लोकच करून देऊ शकतात.

३. माझ्याकडे साठवण होतीच, मी तिला साठवण म्हणून पाहिलं नव्हतं. हे ज्ञान आमच्या प्लँटवरच्या काकांचं. अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. ते म्हणाले, "ताई, चेंबरचं दार उघडलं नाही तर चार तासांत पारा जेमतेम हलतो. माल गच्च भरलेला असला तर तेवढाही नाही." उणे वीस अंशाला गोठलेला टनावारी गर म्हणजे थंडीचा भरलेला रांजण. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत चेंबर उणे चोवीसपर्यंत ओढून घ्यायचं, मग कॉम्प्रेसर सोडून द्यायचा. रात्री उशिरा काटा उणे एकोणीसकडे सरकला की पुन्हा चालू करायचा. गराला काही कळतसुद्धा नाही. कागदावर हे सोपं दिसतं, पण ते साधायला आधी दारांचे रबर बदलावे लागले, आत-बाहेर करण्याच्या वेळा बांधाव्या लागल्या, बर्फ वितळवण्याचं डिफ्रॉस्टचं चक्र संध्याकाळवरून दुपारवर आणावं लागलं. एकही महागडं यंत्र लागलं नाही. मला जे मनाला लागलं ते असं की काका हे कितीतरी वर्षं जाणून होते, आणि वीज या विषयावर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. सल्लागार येतात ते थेट ऑफिसात बसतात. कारखान्यातलं कुठलं यंत्र किती वेळ थांबू शकतं, हे त्या यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

ब्लास्ट फ्रीझरचं मात्र तसं नाही. ताजा गर त्यात गेला की थांबता येत नाही. उशीर झाला की गर काळपटतो. म्हणजे एकाच छपराखाली एक यंत्र वाकणारं आणि एक न वाकणारं. "तुमचा किती टक्के भार हलेल?" असं कुणी विचारतं तेव्हा उत्तर देण्याआधी मला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन उभं राहावंसं वाटतं.

४. भार हलवला म्हणजे वीज वाचली असं होत नाही. चेंबर जास्त थंड करायला जास्त युनिटं लागतात. शिवाय दुपारच्या उन्हात कॉम्प्रेसरला उष्णता बाहेर टाकणं जड जातं. रात्रीच्या गार हवेत तेच काम कमी विजेत होतं. मराठवाड्याचा एप्रिल-मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. माझं बिल उतरलं, पण एकूण युनिटं थोडी चढली. सुरुवातीला याने मी अस्वस्थ झाले. वीज वाचवा हे आम्हाला शाळेपासून शिकवलेलं. मग हळूहळू पटत गेलं की दुपारची चार जास्तीची युनिटं जवळपासच्या सौर पॅनलवरून आलेली असू शकतात आणि संध्याकाळचं एक युनिट दूरच्या कोळशाच्या संचातून. वीज वाचवणं आणि वेळ हलवणं ही दोन वेगवेगळी पुण्यं आहेत, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

५. आज जी वेळ स्वस्त आहे ती उद्या असेलच असं नाही. जुन्या रचनेत रात्र स्वस्त होती. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांचं सगळं गणितच त्यावर उभं राहिलं. रात्री वितळवायचं, दिवसा जमेल तेवढं आवरतं घ्यायचं. कोळशाची केंद्रं रात्री पूर्ण थांबवता येत नाहीत, मागणी मात्र झोपलेली असते, म्हणून ती सूट होती. मग सौर वीज आली आणि उलथापालथ झाली. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला: उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के जास्त. दहा किलोवॅटहून मोठ्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही मुदत होती. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या आदेशांनी सवलतीचं वजन दुपारकडे आणलं: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ स्वस्त, ५ ते रात्री १२ महाग. टक्क्यांवरून वाद झाले, याचिका झाल्या, ते आकडे पुन्हा हलतील. पण दिशा उन्हाची आहे, ती बदलायची नाही.

रात्रपाळीच्या हिशेबाने भांडवल गुंतवलेल्यांचं यात नुकसान झालं आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते. त्यांना सांगितलं तसंच ते वागले होते. म्हणून कारखाना एका वेळापत्रकाला बांधून टाकण्यापेक्षा तो कुठल्याही वेळापत्रकाकडे वळू शकेल असा ठेवण्यावर मी पैसे घालते: जादा इन्सुलेशन, मोठं चेंबर, वेग कमी-जास्त करता येणारा कॉम्प्रेसर. दर पुन्हा बदलले तरी हे फुकट जात नाही.

६. यंत्राची वेळ बदलणं सोपं, माणसाची वेळ बदलताना त्याच्या घरात हात घालावा लागतो. आमच्याकडे गर काढतात त्या जवळजवळ सगळ्या बायका आहेत. माळीवाडा, शरणापूर आणि आसपासच्या वस्त्यांवरून येणाऱ्या. रात्रीची वीज स्वस्त होती तेव्हा मी रात्रपाळीचा विचार बोलून दाखवला. कुणी नाही म्हटलं नाही. एक मावशी एवढंच म्हणाल्या, "येऊ की. पण सकाळी पाण्याचा टँकर येतो तेव्हा झोपून कसं चालेल?" युनिटमागे दीड रुपया वाचवण्यासाठी आपण कुणाची झोप, कुणाचं पाणी, कुणाच्या मुलांची शाळा मागतो आहोत, हे त्या एका वाक्यात होतं. रात्रपाळी मी केली नाही.

दुपार स्वस्त झाल्यावर चित्र पालटलं. सकाळी आठला सुरू करून संध्याकाळी पाचच्या आत गर काढून, भरून, ब्लास्टमध्ये लावायचा असं ठरवलं. बायका उजेडात घरी पोचू लागल्या. विजेची सोय आणि माणसाची सोय एकाच बाजूला आल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि सौर विजेबद्दल माझ्या मनात जो जिव्हाळा आहे तो पर्यावरणाच्या व्याख्यानांतून नव्हे, यातून आलेला आहे.

पण याचीही एक बाजू होती. शेतकरी दिवसभर तोडणी करून संध्याकाळी माल आणत. आता मला तो सकाळी हवा होता. म्हणजे रात्रभर फळ त्यांच्या ओट्यावर राहणार, घट त्यांची, राखण त्यांची. वाकण्याचं ओझं एका फोनवर पुढच्याच्या खांद्यावर टाकता येतं आणि आपल्या बिलात ते कुठेच दिसत नाही. आम्ही शेवटी क्रेट आमच्याकडून द्यायचे, संध्याकाळी आलेला माल आमच्याच सावलीत पसरून ठेवायचा आणि वजन आल्या क्षणी करायचं असं ठरवलं. रात्रीची घट आता माझी. बिलातल्या बचतीचा एक हिस्सा त्यात जातो, आणि तो तिथेच जायला हवा.

७. महाराष्ट्रातला सगळ्यात लवचिक वीजग्राहक शेतकरी आहे, आणि त्याला कुणी कधी विचारलं नाही. हे लिहिताना मला शब्द जपून वापरावे लागतात, कारण माझं माहेर शेतकऱ्याचं आहे. राज्यात सुमारे ४५ लाख कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना वीज मिळत आली ती आलटून-पालटून: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. शहरांची आणि कारखान्यांची मागणी चढते त्या तासांत पंप बंद, सगळे झोपले की पंप चालू. आज ज्याला मोठमोठ्या परिषदांत मागणीचं व्यवस्थापन म्हणतात ते हेच. आमच्या लहानपणी त्याला रात्रीची लाइट म्हणत. डिसेंबरच्या थंडीत, अंधारात, बॅटरी तोंडात धरून बारे द्यायचे. विंचूकाटा, साप, वैजापूर-कन्नडच्या बाजूला बिबट्या. कुठल्या घरात काय घडलं ते गावागावाला माहीत आहे.

त्याबद्दल शेतकऱ्याला स्वस्त किंवा मोफत वीज मिळते, असं उत्तर मला अनेकदा मिळतं. वीज स्वस्त आहे हे खरं. पण कारखानदाराला सांगितलं जातं: वेळ हलवलीस तर सूट देऊ, नाही हलवलीस तर जादा घेऊ, निवड तुझी. शेतकऱ्याला ती निवड नव्हती. बटण उपकेंद्रात होतं.

एकदाच, थोड्या वेगळ्या तऱ्हेने, गावांना विचारलं गेलं. भारनियमन टिपेला असताना, २००५ च्या सुमारास, महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. गावाने मिळून ठरवायचं: संध्याकाळच्या वेळात पंप नाही, गिरणी नाही, शेगडी नाही, तारेवर टाकलेले आकडे नाहीत; फक्त दिवे, पंखे, टीव्ही. त्या बदल्यात त्या वेळात गावाचं भारनियमन नाही. ज्या गावांनी ते पाळलं तिथे मुलं दिव्याखाली अभ्यास करू शकली. कुठलंही संगणकी मीटर नव्हतं. सरपंच, लाइनमन आणि एकमेकांवर नजर ठेवणारे शेजारी एवढ्यावर ते चाललं. मला आजच्या सगळ्या योजनांपेक्षा ती अधिक शिकवणारी वाटते, कारण तीत करार होता आणि तो दोन्ही बाजूंनी पाळायचा होता.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज द्यायची आहे. २०१७ साली तिची सुरुवात राळेगणसिद्धीच्या बाजूने झाली. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटचं आहे. त्या टप्प्यातला ३ मेगावॅटचा एक प्रकल्प आमच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या कार्यक्रमात ज्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, एकूण १९ मेगावॅटचे, त्यांतला तो एक. दूरवरून वीज वाहून आणायची नाही, म्हणून तारेवरचं ओझंही कमी. पण उद्या सगळे पंप दुपारी आणि माझ्यासारखे सगळे कारखानेही दुपारी असं झालं, तर त्या लोखंडी पेटीवर नवी गर्दी व्हायची. तेव्हा पहिला हक्क पंपांचा, असं मी इथे लिहून ठेवते. माझं चेंबर दोन तास मागे-पुढे होऊ शकतं. रात्रीची लाइट त्यांनी पुष्कळ सोसली आहे.

८. जनरेटर लावणं म्हणजे लवचिकता नाही, या मतापर्यंत मी आले आहे. २००६ साली पुण्यात एक प्रयोग झाला. शहराला शिखराच्या वेळी सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने कारखान्यांनी त्या तासांत आपले जनरेटर चालवले, तेवढी जाळ्यावरची वीज शहराला मोकळी झाली आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांकडून थोडा-थोडा वसूल झाला. पुणे भारनियमनमुक्त झालं. एकमेकांशी बोलून शहराने आणि उद्योगांनी तोडगा काढला, हे मला आजही मोलाचं वाटतं. पण त्याच काळात राज्याची तूट साडेचार-पाच हजार मेगावॅटच्या घरात होती आणि मराठवाड्यातली गावं दिवसातले कितीतरी तास अंधारात होती. ज्यांच्याकडे जनरेटर आणि जादा पैसे देणारे ग्राहक होते त्यांच्यापुरता तो मार्ग होता. आणि डिझेलचा धूर शेवटी कुणाच्यातरी छातीत जातोच.

त्यापेक्षा जुना आणि साधा उपाय म्हणजे सुट्टीचे वार वाटून घेणं. पिंपरी-चिंचवड, भोसरीची गुरुवारची सुट्टी त्यातूनच आली. फुकुशिमाच्या अपघातानंतर, २०११ च्या उन्हाळ्यात जपानच्या मोटार कारखान्यांनी गुरुवार-शुक्रवार बंद ठेवून शनिवार-रविवार काम केलं, तेव्हा कामगारांच्या मुलांसाठी रविवारी पाळणाघरांची सोय करावी लागली होती. भोसरीत कित्येक घरांत बापाची सुट्टी गुरुवारी आणि मुलांची रविवारी. त्या घरांना कुणी पाळणाघर दिलं नाही.

९. जिथे साठा आहे तिथेच सवड आहे. आमच्या किल्ल्यावरचा हत्ती हौद पाहा, किंवा छत्रपती संभाजीनगर शहरातली पाणचक्की. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावर चढवून, जात्याच्या पात्यावर सोडणारी. पाणी, पीठ, थंडी, बर्फ, गरम पाणी, दळलेलं सिमेंट: जे साठवता येतं ते स्वस्त वेळी बनवून ठेवता येतं. पैठणला जायकवाडी धरणावर १२ मेगावॅटचा उलटा फिरू शकणारा संच बसवला गेला तोही याच कल्पनेने, की वीज मुबलक असताना पाणी वर चढवावं आणि गरजेला खाली सोडावं.

मला नेहमी वाटतं ते शहराच्या पाण्याबद्दल. जायकवाडीचं पाणी फारोळा, नक्षत्रवाडी असे टप्पे घेत, उपसत-उपसत छत्रपती संभाजीनगरला येतं. मोठमोठे पंप रात्रंदिवस चालतात आणि वीज गेली की वसाहतींचा पाण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. शहरात पुरेशा टाक्या असत्या तर हे पंप संध्याकाळी थांबून दुपारी जोरात चालू शकले असते. पाण्याची टाकी ही सगळ्यात स्वस्त बॅटरी ठरली असती. आज शहर इतकं तहानलेलं आहे की तिथे कुणी पंपाला "थांब" म्हणू नये. तसंच दवाखान्याला म्हणू नये, काचेच्या भट्टीला म्हणू नये. वाळूजच्या बिअर कारखान्यांकडे टाक्यांत थंडी साठलेली असते, ते वाकू शकतात. शेजारच्या छोट्या वर्कशॉपला ऑर्डर उद्या द्यायची असते आणि एकच लेथ असते. त्याला संध्याकाळचा जादा दर हा निव्वळ दंड आहे. सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

१०. आधी सांगितलं तर माणसं बरंच काही करतात. एका संध्याकाळी उपकेंद्रातून फोन आला: एक रोहित्र दुरुस्तीला गेलं आहे, सगळा भार दुसऱ्यावर आहे, दोन तास कमी करता येईल का? मागणारा आवाज थकलेला आणि प्रामाणिक होता. काकांनी चेंबरचे कॉम्प्रेसर सोडले, मी बाजूच्या बर्फवाल्यांना फोन लावला, त्यांनीही बंद केलं. त्याबद्दल आम्हाला एक पैसा मिळाला नाही आणि कुणी मागितलाही नाही. पण दर संध्याकाळ अशा भल्या मनावर चालवता येणार नाही. मुंबईत टाटा पॉवरने बऱ्याच वर्षांपूर्वी मोठ्या व्यापारी ग्राहकांशी असे करार करून पाहिले: कळवल्यावर भार उतरवायचा, उतरवलेल्या विजेचा मोबदला घ्यायचा. राज्याच्या आयोगाने २०२४ मध्ये मागणीच्या लवचिकतेसाठी नियमही केले आहेत. वितरण कंपन्यांनी आपल्या शिखर मागणीचा काही भाग अशा वाकणाऱ्या ग्राहकांकडून मिळवायचा आहे. ते मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींपुरतं न राहता दौलताबादच्या शीतगृहापर्यंत, जालन्याच्या भट्टीपर्यंत आणि धोंदलगावच्या पंपापर्यंत यावं.

त्यासाठी मी दोन गोष्टी उद्योजकांच्या बैठकीत मागत आले आहे. एक, आपल्या उपकेंद्रावर कुठल्या तासाला किती भार आहे हे ग्राहकाला दिसू द्या. घरोघरी नवे मीटर बसत आहेत, त्यांतली माहिती आमच्याही कामी येऊ द्या. दुसरी गोष्ट नव्या जोडण्यांची. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत भरत आली आहे, बिडकीनमध्ये टोयोटा-किर्लोस्कर आणि एथर यांनी वाहनांचे कारखाने उभारायचं जाहीर केलं आहे, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे येतील. कारखाना एकदा उभा राहिला की त्याच्या सवयी पक्क्या होतात. नकाशा कागदावर असताना मोठी टाकी, जाड भिंत, बॅटरीची खोली सहज आखता येते. तेव्हा किती भार हवा हे विचारतानाच त्यातला किती भार, कुठल्या तासांत, किती वेळ थांबवता येईल हेही विचारा, आणि जो थांबवू शकतो त्याला जोडणी लवकर द्या. मागच्या बैठकीत एका तरुण उद्योजकाने मला विचारलं की त्याच्या उष्णता-प्रक्रियेच्या भट्टीचं काय, ती तर थांबत नाही. मी त्याला भट्टीवरच्या माणसाशी बोलायला सांगितलं आहे. पुढच्या आठवड्यात काकांना घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे.